एक डबा, एक कीर्द: विज्ञान-कला शाखेत राहून व्यवसायाचे मायनर कसे शिकावे

व्यवसायाचे मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय, घेतलेली मुले तिसऱ्या वर्षाला पोचतात तेव्हा व्यवस्थापनाची चौदा तत्त्वे त्यांना पाठ असतात, मार्केटिंगचे चार ‘पी’ तोंडावर असतात. पण कोपऱ्यावरच्या दुकानाचा ताळेबंद पुढ्यात ठेवला की तो कुठून वाचायला घ्यावा हे कळत नाही. बहुतेक वेळा खोट विषयांच्या क्रमात असते. हिशेब शेवटी ठेवले जातात किंवा पूर्ण टाळले जातात, आणि हिशेबाशिवाय बाकीचे विषय नुसते शब्द राहतात. म्हणून इथे सांगितलेली रीत अशी आहे: पहिल्याच सत्रात कीर्द-खतावणी, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही आणि त्यांची खातेवार मांडणी, उरकायची, आणि पुढे शेवटपर्यंत एकच छोटा धंदा डोळ्यांसमोर ठेवून प्रत्येक विषय त्याच्यावर घासून पाहायचा.

प्रवेशाच्या वेळी

नव्या शैक्षणिक धोरणाची रचना महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात, त्यातली १८ ते २० मायनरची. थिअरीचे एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास, म्हणजे मायनरला साधारण २७० ते ३०० तास मिळतात. याशिवाय १० ते १२ क्रेडिटची ओपन इलेक्टिव्ह (खुले ऐच्छिक विषय) असतात आणि ती आपल्या शाखेबाहेरचीच घ्यावी लागतात. रसायनशास्त्राच्या मुलीने ही दोन्ही वाणिज्य शाखेतून घेतली तर हातात २८ ते ३२ क्रेडिट, म्हणजे ४२० ते ४८० तास येतात. नीट वापरले तर हे पुष्कळ आहेत.

ते वाया जातात ते दोन ठिकाणी. एक म्हणजे पुनरुक्ती: मायनरमध्ये ‘व्यवस्थापनाची मूलतत्त्वे’ आणि ओपन इलेक्टिव्हमध्ये ‘व्यवस्थापनाची ओळख’, नावे वेगळी आणि घटक तेच. फॉर्म भरण्याआधी दोन्हींचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून घटकवार मिळवून पाहा. दुसरे म्हणजे वेळापत्रक. विज्ञान शाखेची प्रॅक्टिकल बऱ्याच ठिकाणी दुपारी असतात आणि मायनरचा तास त्याच वेळी पडला तर हजेरी दोन्हीकडे बुडते. कार्यालयात तीन गोष्टी विचाराव्या: हे मायनर शेवटच्या सत्रापर्यंत चालणार का, त्यात लेखाकर्म आहे का, आणि तास नेमके कधी आहेत. नुसते जाहिरात, मनुष्यबळ आणि उद्योजकता एवढेच विषय असतील तर लेखाकर्म आणि वित्त बाहेरून भरून काढावे लागेल हे तेव्हाच ठरवून टाका.

बाहेरून म्हणजे स्वयम, केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाप्रमाणे एका सत्रातली ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयमवरून आणता येतात, पण कोणता अभ्यासक्रम चालेल हे महाविद्यालयाकडून नोंदणीआधी लेखी घ्या. परीक्षा दिल्यावर मान्यता मागायला गेलेल्यांची पंचाईत होते. स्वयमवरच्या, आयआयटींनी चालवलेल्या एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात २५ गुण स्वाध्यायांना आणि ७५ परीक्षेला असतात. बारांपैकी उत्तम आठ स्वाध्याय धरले जातात, आणि प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायात किमान १० व परीक्षेत किमान ३० गुण लागतात. पहिले चार आठवडे ढिलाई झाली तर पुढच्या आठांतला एकही हुकवता येत नाही. क्रेडिट अकॅडेमिक बँकेत, म्हणजे प्रत्येकाच्या क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात, जमा होतात, तेव्हा आधार कार्डावरचे आणि महाविद्यालयातले नाव अक्षरशः एकच आहे ना, हे पहिल्या वर्षीच तपासा. आडनाव आधी की नंतर, एवढ्यावरून क्रेडिट अडकू शकतात.

बी.टेक.च्या मुलांची गोष्ट थोडी निराळी. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, चौकटीत मायनर म्हणजे मूळ पदवीवर १८ ते २० जादा क्रेडिट, म्हणजे खरोखरच जास्तीचा भार. ज्या सत्रात लॅब आणि मिनी-प्रोजेक्ट दोन्ही आहेत, त्यात दोन मायनर विषय उचलू नका.

नावे आणि जमा

वाणिज्य शाखेचा गंध नसलेल्यांनी सुरुवात बालभारतीच्या अकरावीच्या पुस्तपालनाच्या पाठ्यपुस्तकाने करावी. ते ई-बालभारतीवर फुकट मिळते, मराठीत आहे, आणि महाविद्यालयीन पुस्तकांपेक्षा त्यातली उदाहरणे लहान असतात. सहा आठवडे, आठवड्याला सहा तास, त्यातले चार तास हाताने गणिते सोडवायचे. व्हिडिओ पाहून लेखाकर्म येत नाही. पाहताना सगळे समजते आणि कोरा कागद समोर आला की पहिल्याच नोंदीत अडते.

तीन नियम आहेत; त्यांत ‘नावे’ म्हणजे डेबिट आणि ‘जमा’ म्हणजे क्रेडिट. व्यक्तीचे खाते: घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याचे जमा. मालमत्तेचे खाते: येते ते नावे, जाते ते जमा. खर्च-उत्पन्नाचे खाते: खर्च आणि तोटे नावे, उत्पन्न आणि लाभ जमा. विज्ञानाच्या मुलांची इथे हमखास चूक होते. ती ‘नावे’ म्हणजे वजा आणि ‘जमा’ म्हणजे अधिक असे धरतात. बँकेचा संदेश ही चूक पक्की करतो, कारण पैसे आले की मोबाइलवर ‘क्रेडिट’ येते. बँक तो संदेश तिच्या वहीतून पाठवते. तुमची ठेव हे बँकेचे देणे आहे, म्हणून तिच्याकडे तुम्ही जमेला. तुमच्या वहीत मात्र बँक ही मालमत्ता, आणि मालमत्ता आली म्हणून बँक खात्याच्या नावे. स्वतःच्या पासबुकाच्या एका महिन्याच्या सगळ्या नोंदी स्वतःच्या बाजूने उलटून लिहा. एका बैठकीत हा गुंता सुटतो, आणि सुटेपर्यंत पुढे जाऊ नका.

रोजकीर्दीतून खतावणी आणि खतावणीतून तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकींची यादी. तेरजेच्या दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर सगळे पुन्हा करायला बसू नका. फरकाला ९ ने भाग जातो का पाहा; जात असेल तर बहुधा कुठेतरी आकडे उलटे पडले आहेत, ५४० च्या जागी ४५० लिहिले की फरक ९० येतो. फरक सम असेल तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद शोधा, ती चुकीच्या बाजूला गेलेली असू शकते. आणि दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे हिशेब बरोबर, असेही नाही. एखादा व्यवहार लिहायचाच राहिला, किंवा शेगडीची दुरुस्ती खर्चाऐवजी मालमत्तेत टाकली, तर तेरीज शांतपणे जुळते आणि नफा खोटा येतो. परीक्षेत यावर प्रश्न येतो; धंद्यात यावरून माणसे बुडतात.

धंदा निवडणे

आता तो एक धंदा. जवळचा, रोजचा, आणि मोजता येणारा हवा. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधले छपाईचे युनिट चालेल, जांभळी नाक्यावरचे सुक्या मेव्याचे दुकान चालेल, कोपरखैरण्यातले पोळी-भाजी केंद्र चालेल. मोठी ॲप कंपनी नको. तिचे आतले आकडे मिळत नाहीत, आणि जे मिळतात त्यावरून पहिल्या वर्षाच्या मुलाला काही बांधता येत नाही.

नमुना म्हणून नवी मुंबईतल्या महापे-रबाळेच्या कार्यालयांना डबे पुरवणारे केंद्र धरू. आकडे अभ्यासासाठी मांडलेले आहेत, तुम्ही तुमचे मिळवा. डब्याची किंमत ९० रुपये. एका डब्यामागे किराणा-भाजी ४२, गॅस ५, पॅकिंग ७, पोचवणे ६, म्हणजे बदलता खर्च ६० रुपये. उरले ३०, याला अंशदान म्हणतात. महिन्याचा स्थिर खर्च असा: गाळ्याचे भाडे १८,०००, दोन अर्धवेळ मदतनीस २४,०००, वीज-फोन २,०००, आणि ६०,००० रुपयांची भांडी-शेगडी पाच वर्षे चालेल असे धरून घसारा, म्हणजे वापराने होणारी झीज, १,०००. एकूण ४५,०००.

४५,००० भागिले ३०, म्हणजे १,५०० डबे. महिन्याला कामाचे दिवस २५ धरले तर दिवसाला ६० डबे गेले की ना नफा ना तोटा. ८० डबे गेले तर महिन्याला २,०००, अंशदान ६०,०००, नफा १५,०००.

इथे थांबून एक प्रश्न विचारायचा, जो अभ्यासक्रमात उशिरा येतो: मालकीणबाई पहाटे पाचपासून राबतात, त्यांचा पगार कुठे आहे? तो धरलेलाच नाही. त्यांनी हेच काम दुसरीकडे केले असते आणि १५,००० मिळाले असते, तर हा धंदा अर्थशास्त्राच्या दृष्टीने शून्य नफ्यावर चालला आहे. संधी-खर्च ही कल्पना पुस्तकातल्या व्याख्येने डोक्यात बसत नाही, अशी बसते.

मग किमतीचा प्रश्न. ‘१० टक्के सूट दिली तर गिऱ्हाईक वाढेल’ हे वाक्य प्रत्येक गटाच्या सादरीकरणात असते. करून पाहा. किंमत ८१ झाली, बदलता खर्च ६० च राहिला, अंशदान ३० वरून २१ वर आले. किंमत १० टक्के उतरली, अंशदान ३० टक्के. ना नफा ना तोटा गाठायलाच आता २,१४३ डबे लागतात, आणि पूर्वीचाच १५,००० नफा हवा असेल तर २,८५८, म्हणजे दिवसाला ११५ च्या घरात. तेवढे डबे दोन शेगड्यांवर आणि दोन मदतनीसांत निघतात का? निघत नसतील तर तिसरा माणूस घ्यावा लागतो आणि ४५,००० चा आकडाच बदलतो. मार्केटिंगचा पेपर लिहिताना हे गणित सोबत असले की उत्तराला वजन येते.

नफा आणि गल्ला

सगळ्या मायनरमधून एकच गोष्ट पक्की न्यायची झाली, तर ती ही. वरच्या केंद्रात ८० डब्यांपैकी ४० रोखीने जातात आणि ४० कंपन्यांना, ज्या ४५ दिवसांनी पैसे देतात. पहिल्या महिन्याची विक्री १,८०,०००, नफा १५,०००. आता गल्ला मोजा. आले ९०,०००. गेले बदलत्या खर्चाचे १,२०,००० आणि स्थिर खर्चाचे ४४,०००. घसारा रोखीने जात नाही म्हणून तो वगळला. गल्ल्यात ७४,००० ची तूट.

वहीत १५,००० नफा आणि हातात ७४,००० ची तूट, आणि दोन्ही आकडे खरे. मध्ये काय आहे ते लिहून काढा: नफा १५,०००, त्यात घसारा १,००० मिळवा, येणी (कंपन्यांकडून यायचे पैसे) ९०,००० वजा करा. बरोबर उणे ७४,०००. आता किराणावाल्याने १५ दिवसांची उधारी दिली असे धरा. महिन्याचा माल ८४,००० चा, त्यातले निम्मे, ४२,०००, महिनाअखेरीस द्यायचे राहतील, आणि तूट ३२,००० वर येईल. खेळते भांडवल म्हणजे काय, पुरवठादाराशी गोड का बोलावे लागते, बँक कॅश-क्रेडिट (गरजेपुरते उचलायचे कर्ज) का देते, या सगळ्याचे उत्तर या चार ओळींत आहे. गाळ्यासाठी दिलेली अनामत रक्कम यात आणखी भर घालते. ती खर्च नाही, मालमत्ता आहे, पण पैसे मात्र पहिल्या दिवशीच गेलेले असतात. हा तक्ता स्प्रेडशीटवर सहा महिन्यांचा करा: एक पान विक्रीचे, एक खर्चाचे, एक येणी-देणीचे, एक गल्ल्याचे. उधारीचे दिवस एका चौकोनात ठेवा आणि बाकीची सूत्रे त्याला जोडा, म्हणजे ४५ चे ३० केल्यावर काय होते ते लगेच दिसेल.

शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कोणत्याही कंपनीचा वार्षिक अहवाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. बिस्किटे, रंग, सिमेंट असा साधा धंदा निवडा आणि पाच वर्षांचा निव्वळ नफा व कामकाजातून आलेली रोकड शेजारी-शेजारी लिहा. नफा दरवर्षी वाढतो आणि रोकड मागे पडते असे दिसले, तर येणी आणि मालसाठा या दोन टिपणांकडे जा. अध्यक्षांचे पत्र सगळ्यात शेवटी वाचा. आधी वाचले की त्यांचीच भाषा डोक्यात बसते.

कायदा, जेवढा लागतो तेवढा

व्यवसाय कायद्याचा पेपर कलमे पाठ करून सुटतो, पण आपल्या धंद्यावर लावून पाहिला तर लक्षात राहतो. करार कायदा १८७२ चा: अठरा वर्षे पूर्ण नसलेल्याने केलेला करार मुळातच रद्दबातल. पहिल्या वर्षाच्या वर्गात सतरा वर्षांचीही मुले असतात, हे गाळ्याच्या करारावर सही करण्याआधी ध्यानात घ्यावे. भागीदारी कायदा १९३२ चा: नोंदणी नसलेल्या भागीदारी संस्थेला कराराच्या वसुलीसाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही, आणि संस्थेच्या कर्जाला प्रत्येक भागीदार स्वतःच्या मालमत्तेनिशी बांधील असतो. मित्रामित्रांच्या धंद्यांत ही दोन वाक्ये कोणी आधी वाचत नाही.

जीएसटीसाठी तयार जेवण पुरवणे ही सेवा. महाराष्ट्रात सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल, नुसत्या वस्तूंसाठी ४० लाख. आपले केंद्र दिवसाला ६० डब्यांवर वर्षाला १६ लाख २० हजारांवर राहते, ८० वर गेले की २१ लाख ६० हजार होतात. म्हणजे नफ्यात येण्याच्या वाटेवरच नोंदणी लागते. आणि गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर विक्रीत धरायचा नाही, तो सरकारचे देणे म्हणून वेगळ्या खात्यात जमेला. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ही चूक इतकी दिसते की परीक्षक आधी तेच पाहतात.

४५ दिवसांच्या उधारीवरही कायदा आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याने सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारदरबारी नोंद, हवी. ती सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनच्या आधारे पूर्ण मोफत होते. पैसे मागणारी संकेतस्थळे खासगी आहेत, तिथे जाऊ नका.

बाजारात विचारायचे कसे

‘नफा किती होतो?’ असे विचारले की दुकानदार ‘कसला नफा’ म्हणतो आणि संवाद संपतो. त्याऐवजी विचारा: महिन्यातून माल किती वेळा भरता? उधारी किती दिवसांची चालते? कोणता माल पडून राहतो? सुटे पैसे, मोड-तोड, परत आलेला माल यात किती जाते? या उत्तरांवरून मालाचा फेर (साठा किती वेळा विकून पुन्हा भरतो), येणी आणि साठा तुम्हीच काढू शकता. वेळ दुपारी दोन ते चार. संध्याकाळी सहानंतर ठाण्याच्या गोखले रोडवर कोणालाही प्रश्न विचारू नये.

पुरवठासाखळीच्या विषयासाठी वाशीच्या एपीएमसीत (कृषी उत्पन्न बाजार समितीत) एक सकाळ द्या. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य अशी पाच बाजार-आवारे आहेत. पहिल्या भेटीत एकच पाहा. एका गोणीचा प्रवास धरा आणि वाटेत भर पडणारी प्रत्येक रक्कम लिहा: गाडीभाडे, हमाली, तोलाई, आडत (दलाली), नासाडी, मग किरकोळ विक्रेत्याचे. त्याच दिवशी संध्याकाळी ऐरोलीच्या किंवा नौपाड्याच्या भाजीवाल्याकडचा भाव लिहा. दोन्हींतल्या फरकाला ‘दलाल खातो’ एवढेच नाव देऊन मोकळे होऊ नका. सडलेला माल, न विकलेला माल आणि दिवसभर बसलेल्या माणसाची मजुरी वेगळी काढली की चित्र बदलते.

आपला मुख्य विषय या कामात आणावा. मानसशास्त्राच्या मुलांना प्रश्नावली कशी बांधायची ते आधीच येते. ‘हे उत्पादन तुम्ही घ्याल का?’ याला सगळे ‘हो’ म्हणतात, हे वाणिज्यवाल्यांना त्यांनी सांगावे आणि ‘गेल्या आठवड्यात बाहेरचे जेवण किती वेळा घेतले?’ असे विचारावे. संख्याशास्त्रवाल्यांनी डब्यांच्या रोजच्या मागणीचा अंदाज बांधावा. भाषेच्या मुलांनी आकड्यांना घाबरून फक्त जाहिरात आणि मनुष्यबळ निवडू नये. ताळेबंदाखालची टिपणे बारकाईने वाचणे हे शेवटी वाचनच आहे, आणि त्यात ती पुढे निघतात.

शेवटच्या सत्रातल्या प्रकल्पासाठी तोवर साठलेले कागदच वापरा: तीन महिन्यांची कीर्द, तेरीज, नफा-तोटा पत्रक, ताळेबंद, गल्ल्याचा तक्ता, आणि एका बदलाचा हिशेब, उदाहरणार्थ कंपन्यांची उधारी ४५ वरून ३० दिवसांवर आणली तर काय होईल. मालकाची लेखी परवानगी घ्या, अहवालातून दुकानाचे व गिऱ्हाइकांचे नाव काढा, आणि गल्ल्याच्या तक्त्याची एक प्रत मराठीत, मोठ्या अक्षरांत छापून मालकाला द्या. ती देताना सोबत बसून प्रत्येक ओळ त्यांना विचारा. जिथे ते ‘असं नाही होत आमच्याकडे’ म्हणतील, ती ओळ अहवाल सादर करण्याआधी दुरुस्त करायची.